फक्कीचा गोल

ऊसतोडणीचा हंगाम संपवून काल घरी आले. कंबर धरलीय. वळकटी सोडताना तिला बांधलेला पट्टा हातात आला. तायक्वांदोचा, एके काळी पांढरा. आता त्याला पाचटाचा आंबूस वास येतो.

एका दुष्काळी वर्षी शिरूरच्या शाळेत सर आम्हाला पहिला पॅटर्न शिकवत होते. चारही दिशांना वळायचं, वार अडवायचा, ठोसा मारायचा आणि शेवटी निघालो तिथंच येऊन थांबायचं. त्यासाठी मैदानात पांढऱ्या फक्कीचा गोल आखलेला. बाकीच्या पोरी भलतीकडेच जाऊन थांबायच्या. मी मात्र नेमकी गोलात आले. टँकरवरून भरली घागर आणून आणून माझं पाऊल मोजून पडायचं.

"शाब्बास! असं परत यायचं!" सर म्हणाले.

कुंपणापाशी आई रिकामी घागर घेऊन उभी होती. "लई घाम गाळलास गं," ती म्हणाली, "अन् पुन्हा हितंच आलीस? मंग गेलतीस कावून?"

तेव्हा मला तिचं हसू आलं होतं.

दसऱ्याला तोडीला निघताना ज्या कोपऱ्यातून वळकटी उचलली होती, तिथंच आज ती ठेवली. पट्टा झटकून खुंटीला अडकवला. पुढच्या दसऱ्याला लागेल.