तरंगाखालचा पट्टा

कृष्णनाथ पाणीपुरवठा खात्यात कारकून आहे आणि वर्षातले तीनशे चौसष्ट दिवस त्याने काही उचलावं अशी कोणाची अपेक्षा नसते. उरलेल्या दिवशी, म्हणजे दसऱ्याला, तो पेडण्याजवळच्या आपल्या गावात देवाचं तरंग उचलतो. तरंग म्हणजे दोन पुरुष उंचीचा लाकडी खांब, वर देवाचा मुखवटा, त्याखाली थरावर थर गुंडाळलेली लुगडी. खांबाचं बूड कमरेच्या शेल्यात रोवायचं आणि देवळापासून सीमेवरच्या वडापर्यंत चालत जायचं. वजन किती, ते ठाऊक नाही; देवाला काट्यावर ठेवण्याची सूचना अजून कोणी मांडलेली नाही.

मान त्याच्या घराण्याचा. वाटेत तरंग जमिनीला टेकलं, तर तो चुलतभावाकडे, शांतारामकडे जातो. दोन वर्षांपूर्वी गॅसचा सिलिंडर उचलताना कृष्णनाथाची पाठ धरली आणि त्या दसऱ्याला तरंग वीतभर कललं. शांतारामने हात लावला. "जड झाला काय रे?" त्याने फार मायेने विचारलं. तेव्हापासून कृष्णनाथाच्या कमरेत भीती मुक्कामाला आहे. शिंक आली तरी तो आधी भिंत धरतो.

यंदा जानेवारीत त्याने पेडण्यातली जिम गाठली आणि वजन उचलणारे बांधतात तसला चार बोटं रुंद चामडी पट्टा घेतला. सकाळी तो शेवटच्या भोकापर्यंत ओढायचा आणि कचेरीतून परतल्यावरच सोडायचा. साहेबांसमोर वाकता येईना. खात्यात त्याचा अर्थ स्वाभिमान असा लावला गेला. चौथ्या दिवशी जिममध्येच त्याला घेरी आली.

"काका, श्वास खंय घेतात तुमी?" तिथे शिकवणारी सेजल म्हणाली.

"जागाच नाय."

"मग पट्टो कित्याक? पट्टो वजन उचलीत नाय. बेंबीवर बांधा, बरगड्यांना टोचता नये. एक बोट आत गेलं पाहिजे. पोटात श्वास भरा आणि पट्ट्याला भायर रेटा. वजन खाली ठेवलं की सोडा. आणि हलकं वजन पट्ट्याशिवायच."

कृष्णनाथाने सगळं ऐकलं, शेवटचं सोडून. पट्ट्याशिवाय रिकामी दांडी उचलायलाही त्याचा हात धजेना.

दसऱ्याच्या सकाळी त्याची बायको देवकी सोवळं काढून ठेवत होती. पट्टा तिच्या हाती लागला.

"ह्यो खंय नेतात?"

"धोतराच्या आतून बांधतलंय."

"चामड्याचो? लोक देवळात जाताना पाकीट भायर ठेवतत."

नऊ महिने त्याने पट्ट्याची रुंदी, भोकं, बक्कल सगळं पाहिलं होतं. पट्टा कशाचा आहे, हे त्याच्या ध्यानात आलं नव्हतं. त्या दिवशी बाजारात झेंडू हवा तेवढा होता, कापडी पट्टा नव्हता. चामड्याचा घरीच राहिला.

दुपारी ढोल सुरू झाले. गावच्या रिवाजाप्रमाणे शेला बांधायचा तो पुढच्या हक्कदाराने. शांतारामने गुडघा टेकून वेढे घेतले आणि जोर लावला.

"एक बोट सुटो ठेव."

"आणि पडला तर?"

"आवळलंस तर पडात."

"खंयच्या पुस्तकात वाचलंस?"

"जिमातल्या एका चेडवान शिकयल्यान."

शांतारामने वर पाहिलं आणि गाठ बोटभर सैल केली. कृष्णनाथाने पोटात श्वास भरून शेल्याला रेटलं. कापड चामड्यासारखं उलट रेटत नव्हतं. जे काही होतं ते पोटातच होतं. एवढंच आपल्यापाशी आहे, हे कळल्याने त्याची भीती काही कमी झाली नाही. त्याने गुडघ्यांतून उचललं.

उतारावर छोटा श्वास, एक पाऊल, छोटा श्वास. कौलारू घरं संपली तिथे वाऱ्याने लुगडी फुगली आणि माकडहाडाच्या वर जुनी सुई टोचली. डाव्या अंगाला शांताराम हात अर्धे वर धरून चालत होता. ते हात आधाराला होते की मान घ्यायला, हे पाहायला कृष्णनाथाने मान वळवली नाही. वळवली असती तर तरंगही वळलं असतं.

वडापाशी त्याने तरंग लाकडी आधारात टेकवलं. ते जमिनीला लागलं नव्हतं. शांताराम गाठ सोडू लागला, पण ती सुटेना. स्वतःच बांधलेली गाठ तो उलट्या बाजूने ओढत होता.

"माका वाटला आता तरंग माज्यावर येता," तो हळूच म्हणाला. "माजी पाठ तुज्याहून वायट आसा. घरात कोणाक सांगूक नाय."

मग ढोलवाल्यांनी पाणी पिऊन पुन्हा टिपऱ्या उचलल्या. तरंग देवळात परत न्यायचं होतं, आणि परतीची वाट चढाची होती.