काचेपलीकडचं ऐकणारी मावशी

आमच्या घरात महत्त्वाची बातमी नेहमी आवाज न करता सांगितली जायची. मावशी यायची, चहाचा कप हातात घ्यायची आणि गल्लीतल्या खबरा इतक्या खणखणीत आवाजात सुरू करायची की पलीकडच्या गल्लीतल्या माणसानेही 'हो का?' म्हणावं. पण गोष्ट मोक्याच्या जागी आली, म्हणजे कुणाला दिवस गेले, कुणाचं कुणाशी जमलं, कुणाचं ऑपरेशन नेमकं कशाचं झालं, की आवाज एकदम बंद. तोंड मात्र दुप्पट उघडून चालूच. आई मान डोलवायची, आणि आम्ही पोरं शेजारी अभ्यासाचं सोंग घेऊन त्या ओठांवर डोळे लावून बसायचो. शाळेत मला भूगोल जेमतेम आला, पण बारा वर्षांचा होईपर्यंत 'गर्भपिशवी' हा शब्द मी ओठांवरून बिनचूक वाचत होतो.

ही खोड गिरणीची. मावशीचे वडील, म्हणजे माझे आजोबा, घरीच माग चालवायचे. घराची पुढची खोली मागाने व्यापलेली आणि मागची खोली माणसांनी. त्या मागाचा आवाज म्हणे असा की त्यावर तान्हं मूल झोपावं. मग नदीकाठी गिरणी उभी राहिली. आजोबा आठ दिवसांत जेवढं कापड विणत, तेवढं ती त्यांचं दुपारचं जेवण उरकेपर्यंत विणून मोकळी व्हायची. पाच-सात वर्षं आजोबांनी गिरणीला मनसोक्त शिव्या दिल्या आणि मग एका सकाळी सोळा वर्षांच्या थोरल्या मुलीला स्वतः गिरणीच्या दारापर्यंत सोडून आले. शिव्या त्यांनी नंतरही बंद केल्या नाहीत. फक्त पगाराच्या दिवशी देत नसत.

विणकाम खात्यात चाळीस बायका होत्या, आणि प्रत्येकीकडे चार माग. मागातला धोटा, म्हणजे आडवं सूत घेऊन पळणारा तो लाकडी तुकडा, मिनिटाला दोनशे वेळा या टोकावर नाही तर त्या टोकावर आपटतो. एकशे साठ धोटे एकदम आपटायला लागले की माणसाला स्वतःचा खोकलाही ऐकू येत नाही. त्यामुळे तिथल्या बायका ओरडायच्या भानगडीतच पडत नसत. तोंड मोठं उघडायचं, शब्द ओठांवर नीट मांडायचा, हवं तर भुवयांची जोड द्यायची. मावशी हे तीन आठवड्यांत शिकली. मग दाराजवळच्या मागावरून खिडकीजवळच्या मागापर्यंत दिवसभर गप्पा चालायच्या. मुकादमाला त्यातलं काही वाचता येत नसे. त्याच्या नाकाबद्दल त्याच्या नाकासमोर बोलणं चालायचं, आणि तो बिचारा बायकांना जांभया फार येतात म्हणून वर तक्रार करायचा.

पहिल्या वर्षी सुटी झाली तरी माग कानात बसून तिच्याबरोबर घरी यायचे. तिसऱ्या वर्षी ते यायचे थांबले, आणि त्यांच्यासोबत बाकीचंही बरंच काही यायचं थांबलं. पाखरं, दाराची कडी, पातेल्यातलं उतू जाणारं दूध. मावशी बहिरी आहे हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. फक्त ते तिला सांगायचं नाही, एवढाच घरचा नियम. मावसा गिरणीच्या गोदामात कारकून होते, मवाळ माणूस. भांडणात जिंकायची त्यांची एकच रीत होती. भिंतीकडे तोंड करून बोलायचं. आणि मावशीचीही एकच. ती डोळे मिटून घ्यायची. एकदा ती डोळे मिटून आणि ते भिंतीकडे तोंड करून असे पंधरा मिनिटं भांडले, आणि शेवटी दोघांनाही आपणच जिंकलो असं वाटलं.

त्या चार मागांवर काय काय झालं ते सांगायला हवं. मागच्या खोलीला आणखी एक खोली जोडली गेली. पाणी रस्त्यावरच्या नळावरून उचलून आणायचं ते घरात आलं. गल्लीतला पहिला फ्रीज मावशीकडे आला, आणि दोन वर्षं अख्ख्या गल्लीची औषधं त्यात राहिली. तिच्या दोन्ही मुली कॉलेजात शिकल्या, आणि आता अशा ऑफिसांत काम करतात जिथे कुणाचं पेन पडलं तरी माना वळतात. माझी फीदेखील काही वर्षं तिथूनच आली. आजोबांचा माग सरपणाला गेला तो दिवस सोडला तर गिरणीवर डूख धरावा असं आमच्या घरात फार काही नव्हतं.

मावशी एकावन्न वर्षांची झाली तेव्हा नवे माग आले. त्यांना धोटाच नाही. सूत हवेच्या झोताने पलीकडे जातं, धडधडाट मात्र फारसा कमी नाही. एका बाईने आता सोळा माग बघायचे होते. कापड दुप्पट होणार आणि बायका दहाच लागणार. बाकीच्यांपैकी निम्म्या एकरकमी पैसे घेऊन घरी बसल्या, काहींना कापडाच्या तपासणी खात्यात टाकायचं ठरलं. आणि दहा जणी निवडण्याआधी सगळ्यांच्या कानांची परीक्षा होणार होती, कारण सूत तुटलं की नवा माग शिट्टी वाजवतो, आणि ती ऐकू यायला हवी. शिट्टीबरोबर मागाच्या डोक्यावर चांगला लिंबाएवढा लाल दिवाही लागतो, हे परीक्षा ठरवणाऱ्या साहेबाला कुणी सांगितलं नसावं.

पगार तपासणी खात्यातही तोच होता. काम बसून, सावलीत. मावसा म्हणाले, आणि ते तोंड समोर करून म्हणाले, की घे ते काम, गुडघे तरी वाचतील. मावशी ऐकेना. शेवटी मी विचारलं की तुला त्या धडधडाटातच का राहायचंय.

"तिकडे दहाच जणी उरल्या, तरी सगळ्याच बहिऱ्या," ती म्हणाली. "म्हणजे कुणीच बहिरी नाही. तपासणीत मी एकटी असेन."

तो शब्द तिच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकला. आणि तोही तिने आवाज न करता म्हटला.

मग तयारी सुरू झाली. शेजारच्या मागावरची तिची मैत्रीण, जिला उंचीमुळे सगळे शिडी म्हणत, तिची परीक्षा आदल्या दिवशी झाली आणि ती चक्क पास होऊन आली. तिने गुपित सांगितलं. काचेच्या कपाटासारखी एक खोली आहे, आत बसवतात, कानांवर टोप्या घालतात. बाहेर नर्स बटण दाबते, आणि आत आवाज ऐकू आला की आपण हात वर करायचा. आता नर्स बटण दाबताना लपवते, पण तिचं कोपर उडतं. कोपर उडालं की हात वर. झालं.

संध्याकाळी स्वयंपाकघराच्या टेबलाशी मी नर्स झालो. मावशी म्हणाली, तुझं कोपर फार प्रामाणिक आहे, जरा लबाड कर. तासाभरात ती अशी तयार झाली की मी नुसता विचार केला तरी तिचा हात वर जायचा.

दुसऱ्या दिवशी सोबत म्हणून मी गेलो आणि बाहेरच्या बाकावर बसलो. मावशी काचेआड टोप्या घालून अशी बसली, जणू फोटोच काढून घ्यायचाय. नर्सचं कोपर उडालं, हात वर. उडालं, वर. डावा कान, उजवा कान, एकही चूक नाही. नर्स कागदावर बरोबरच्या खुणा करत सुटली. मी मनातल्या मनात शिडीचे पाय धरले.

तेवढ्यात डॉक्टर आले. त्यांनी कागद बघितला, परत बघितला आणि नर्सला म्हणाले, "हे कान विशीतल्या पोरीचे आहेत. बाईंचं वय काय?" नर्स कागदावर शोधू लागली. डॉक्टरांनी काचेतून मावशीकडे एक नजर टाकली. "असतील साठीच्या," ते म्हणाले.

त्या खोलीची रचना अशी होती की आतलं बोलणं बाहेर यायला भिंतीवर एक छोटा स्पीकर होता. बाहेरचं आत जायला मात्र सुईएवढीही वाट नव्हती. त्यासाठीच तर ती बांधली होती. त्या स्पीकरमधून मावशीचा आवाज आला, एकशे साठ मागांवर मात करणारा.

"एकावन्न. साठीची तुमची आई असेल."

नर्सचं पेन थांबलं. डॉक्टरांनी आधी बंद दाराकडे बघितलं, मग मावशीकडे, मग माझ्याकडे. मी छताकडे बघत होतो. मग त्यांनी शांतपणे हातातला कागद तोंडापुढे धरला आणि कागदाआडून काहीतरी विचारलं. मावशी हसरा चेहरा करून बसून राहिली. त्यांनी पाठ फिरवून पुन्हा विचारलं. मावशीने अंदाजाने हात वर केला.

डॉक्टर माणूस बरा होता. आत जाऊन तिच्यासमोर स्टूल ओढून बसला आणि सावकाश, ओठ नीट उघडून बोलला. किती वर्षं झाली, सुरुवातीला काय व्हायचं, एवढंच. पण कागदावर त्याने खरं तेच लिहिलं. शिडीचा कागद आधीच वर गेला होता, तेवढं एक बरं. मावशीनंतरच्या सगळ्या बायकांच्या वेळी मात्र नर्सची खुर्ची फिरवून ठेवली गेली.

घरी येताना मी विचारलं, एवढं गप्प बसवलं नाही का? "साठ म्हणाला रे तो," मावशी म्हणाली.

तपासणी खातं लांबलचक खोलीत होतं. टेबलांना काचेचे माथे, काचेखाली दिवे, आणि त्यांवरून कापड सरकत जायचं. गाठ, भोक, चुकलेला धागा दिसला की खडूने खूण करायची. बायका एका रांगेत, सगळ्यांची तोंडं खाली. आणि तशाच खाली बघत, कापडाशी बोलल्यासारख्या त्या दिवसभर एकमेकींशी गप्पा मारायच्या. मावशीला दिसायचे ते सोळा अंबाडे.

पहिला आठवडाभर ती घरी यायची आणि चहा पिऊन नुसती बसायची. खबर नाही, आवाज नाही, बिनआवाजाचंही काही नाही. मावसा इतके घाबरले की त्यांनी तिच्यासमोर येऊन मुद्दाम भांडण काढलं. ती नुसती बरं म्हणाली.

खात्यात ती अंदाजाने चालली होती. बाकीच्यांचे खांदे हलले की हसायचं, शेजारणीने मान किंचित वळवली की 'हो ना' म्हणायचं. शेजारी एक तरुण मुलगी होती, जाड भिंगांची, सगळे तिला चष्मेवाली म्हणत. एका सकाळी ती खाली बघत बराच वेळ बोलत राहिली. मावशीला वाटलं, लग्नाबिग्नाचं असावं. ती छान हसली आणि म्हणाली, "होणारच होतं गं. बरं झालं."

चष्मेवालीने टेबलाखालचा दिवा बंद केला आणि उठून गेली.

त्या दिवशी जेवणाच्या सुटीत शिडीने मावशीला गाठलं. बातमी विणकाम खात्यापर्यंत पोचली होती. चष्मेवालीची आई दवाखान्यात होती, आदल्या दिवशी तिचा पाय कापावा लागला होता. आणि हे ऐकून नवी म्हातारी हसली, असं सगळे म्हणत होते. शिडीने हे सगळं डबा उघडता उघडता, आवाज न करता सांगितलं. मावशीने डबा तसाच बंद केला.

पुढचं मला चष्मेवालीने स्वतः सांगितलं. सुटी संपून सगळ्या जागेवर बसल्या होत्या. मावशी आली, पण बसली नाही. रांगेच्या मधोमध उभी राहिली. सवयीने आधी तिचे नुसते ओठ हलले, आवाज आलाच नाही, आणि कुणी वर बघितलं नाही. मग तिने घसा साफ केला.

"मला ऐकू येत नाही," ती म्हणाली, आणि सोळाच्या सोळा माना वर झाल्या. "बत्तीस वर्षं नाही येत. तू खाली बघून बोललीस पोरी, आणि मी आपली अंदाजाने हसले. आता माझ्याकडे तोंड करून पहिल्यापासून सांग."

कोपऱ्यातली कुणीतरी फिसकन हसली, पण तिला शेजारणीने कोपर मारलं. चष्मेवालीला अजून राग होता, आणि ते तिने माझ्यापाशी कबूलही केलं. मग तिने खुर्ची वळवली. आधी जरा जोरात बोलायला लागली, तेव्हा मावशीने हात हलवून सांगितलं, जोरात नको, सावकाश. मग ती सावकाश बोलली. आईची साखर, पायाची जखम, सही कुणी करायची यावरून भावाशी झालेलं भांडण, सगळं. मावशी तिच्या तोंडाकडे बघत होती. मधूनच काही विचारायची, तेही आवाज न करता, आणि चष्मेवालीला ते कळत होतं, असं ती म्हणाली. कसं कळत होतं, ते मात्र तिला सांगता आलं नाही.

या सगळ्याला तासभर लागला. तेवढा वेळ दोघींच्या टेबलांवरून कापड आपलं सरकत होतं, आणि त्यात बोट जाईल एवढं एक भोक कसलीही खूण न होता पहिल्या प्रतीच्या मालात निघून गेलं. ते आता कुठेतरी कुणाच्या शर्टाला असणार. त्या माणसाने कृपा करून समजून घ्यावं.