नारळावरचा आरोप

मी मालवाहतुकीच्या विम्याचा सर्व्हेअर. म्हणजे ट्रकमधून येताना कुणाचं काही फुटलं, भिजलं, वाकलं की कंपनी मला पाठवते आणि नुकसान खरं की बनवाबनवी, ते मी सांगतो. या धंद्यात माणसांवरचा विश्वास लवकर उडतो. माझा तर बुलढाण्याहून गाडी निघायच्या आधीच उडालेला असतो.

डोणगावच्या एका बाईंनी डाळ काढायची मशीन मागवली होती. घरच्या शेतीला जोड म्हणून त्यांचा स्वतःचा हा पहिलाच धंदा. मशीन उतरली, पूजा झाली आणि संध्याकाळी पुसताना तिच्या बिडाच्या पायाला वीतभर तडा दिसला. ट्रान्सपोर्टवाल्यानं बिल्टीवरची, म्हणजे मालाच्या पावतीवरची, सही दाखवून हात झटकले. माल चांगल्या स्थितीत मिळाला, असं तिच्यावर छापलेलंच असतं. ही सही आपल्याकडे माल उघडून बघायच्या आधीच करतात, कारण ड्रायव्हरला घाई असते आणि त्याला चहा पाजून झालेला असतो.

मी नेहमीप्रमाणे विचारलं, उतरवल्यावर मशीनला काही लागलं का. बाईंनी शांतपणे सांगितलं, नारळ लागला. पूजा करून त्यांनी तो मशीनच्या पायावरच आपटला होता.

मी कपाळाला हात लावला. आजवर लोकांनी उंदरांपासून भुतांपर्यंत सगळ्यांच्या नावानं माझ्याशी खोटं बोलून पाहिलं होतं. स्वतःचाच दावा बुडवणारं खरं कुणी आपणहून सांगितलं नव्हतं. विमा रस्त्यावरच्या धक्क्यांचा होता, पूजेचा नव्हता. नारळाचं नाव टाळता येईल, असं मी हळूच सुचवलं. एवढा मी पापी आहे.

"काऊन? मीच फोडला," त्या म्हणाल्या. "घरातले तं म्हणूनच राह्यले, बाईनं नारळ फोडला म्हणून मशीन फुटली."

दीर दारातच उभे होते. नारळ पुरुषानंच फोडायचा असतो, हे त्यांनी मलाही समजावलं, जसं काही पॉलिसीत तसं कलमच आहे. दावा नामंजूर झाला की मशीन भंगारात आणि बाईंचा धंदा बंद, हे त्यांनी ठरवूनच टाकलं होतं. मला त्यांचा भयंकर राग आला, पण रिपोर्टात रागाचा रकाना नसतो.

मग मी सुकलेला झेंडूचा हार बाजूला सारून बॅटरी मारली. तड्याच्या कडांना भेगा बुजवायची राखाडी लांबी चिकटलेली होती आणि तिच्यावर रंगाचा हात, तोही मशीनच्या रंगापेक्षा जरा हिरवट. कारखान्यात बुजवली असती तर रंग तोच लागला असता; म्हणजे वाटेत मशीन आपटली होती आणि कुणीतरी फट बुजवून, रंगवून पुढं पाठवली होती. नारळानं फक्त ती लांबी उडवली. नारळ एखादवेळी तडा पाडील, पण तो बुजवून वर रंग मारत नाही.

बाईंना दाखवलं, तर त्यांनी आधी दिरांना जवळ बोलावलं.

"भाऊजी, पाहा," एवढंच म्हणाल्या.

दावा मंजूर झाला. नवी मशीन आली तेव्हा मलाही बोलावणं होतं. दिरांनी स्वतः नारळ आणून भावजयीच्या हातात दिला. फक्त या वेळी बाजूच्या दगडावर फोडा, म्हणाले. मीही मान डोलावली. ड्रायव्हर बिल्टी पुढं करून उभा होता.

बाईंनी आम्हा तिघांकडं पाहिलं.

"मशीनवरच फोडीन," त्या म्हणाल्या. "काही दबून असन तं आजच दिसन. सही मंग करीन."