लिनेटचं कोपर आणि दोनशेवी मेंढी

लिनेट टुली आमच्या शेडमध्ये लोकर कातरायची. पंचवीस वर्षं. मी तिथली स्वयंपाकीण. दिवसात एकशे सत्त्याण्णव मेंढ्या हा तिचा उच्चांक. दोनशेचा ध्यास होता, पण मध्येच उजवं कोपर धरलं. कपसुद्धा उचलवेना. गोळ्या झाल्या, पट्टे झाले, गुण नाही. शेवटी मीच तिला गाडीत घालून डबो शहरातल्या डॉक्टरकडे नेलं.

डॉक्टरीणबाईंनी तिचं रक्त काढलं आणि यंत्रात गरागरा फिरवलं. वर पिवळसर पाणी जमलं.

"हे परत तुझ्याच कोपरात टोचायचं," त्या म्हणाल्या. "यातल्या कणांनी स्नायू हाडाला बांधणाऱ्या दोरीची जखम भरायला मदत होते. कुणाला गुण येतो, कुणाला नाही. आधीच सांगते."

"म्हणजे माझंच रक्त मलाच विकताय?" लिनेट म्हणाली. सुई आत गेली तेव्हा मात्र तिने माझा हात असा आवळला की मीच ओरडले.

आठवडाभर कोपर आधीपेक्षा जास्त ठणकलं. "फसवलं गं बाईने!" म्हणून ती मला फोनवर शिव्या घालायची. मग हळूहळू व्यायाम. दोन महिन्यांनी एका सकाळी तिने भरलेली किटली एका हाताने उचलली आणि स्वयंपाकघरात नाचायला लागली.

पाचव्या महिन्यात ती शेडमध्ये परतली. पहिले काही दिवस जपून, मग वेग आला. त्या गुरुवारी दिवसाच्या दोन-दोन तासांच्या चार टप्प्यांपैकी तीन संपले तेव्हा तिच्या नावावर एकशे बावन्न होत्या. शेडभर बातमी पसरली. मी मटण चुलीवर तसंच टाकून धावले.

"एकशे अठ्ठ्याण्णव!" मुकादम बार्नी ओरडला. शेवटच्या घंटेला चार मिनिटं उरलेली. घंटेआधी पकडलेली मेंढी मोजली जाते, हा नियम सगळ्यांना पाठ. एकशे नव्याण्णवावी कातरून झाली, उतारावरून खाली बाहेर गेली. लिनेट मेंढ्या कोंडलेल्या खणाच्या दाराकडे झेपावली, एका थोराड मेंढीची मान धरून तिला फरफटत बाहेर आणलं, आणि घंटा वाजली.

"पकडली होती! पकडली होती!" आम्ही सगळे किंचाळलो.

"दिसलं मला, कान फुटले माझे!" बार्नी म्हणाला. "कातर, लिनेट!"

सगळी यंत्रं थांबलेली, फक्त तिचं चालू. लोकर अखंड गोधडीसारखी सुटून आली. दोनशे! कुणीतरी टोपी छताला फेकली. लिनेट धापा टाकत जमिनीवर बसली.

"कोपर?" मी विचारलं.

"कोपर राहू दे," ती हसत सुटली, "आधी मला कुणीतरी उठवा!"