नानांचं गाणं, ठसक्यासकट

वडिलांची एकच मागणी होती, "मला गाण्याशिवाय मातीत घालू नका." ती पुरी करणं माझ्या एकटीवर येऊन पडलं, दोंडाईच्याच्या कबरस्थानात, दिवस कलल्यावर. पाळकसाहेबांची गाडी धुळ्याहून येताना वाटेत बंद पडलेली. गावात आमची ख्रिस्ती घरं बोटांवर मोजण्याइतकी, त्यातली म्हातारी माणसं रडून रडून थकलेली. आणि मी तोंड उघडलं की हुंदकाच बाहेर येई.

आम्ही वडिलांना नाना म्हणायचो. ते मिरचीच्या बाजारात हमाल होते. पोती वाहता वाहता ते स्वतः जुळवलेलं गाणं म्हणत, "थकेल भाऊ, ये आठे, तुनं ओझं मी लेस." म्हणजे, थकलेल्या भावा, इथे ये, तुझं ओझं मी घेतो. पुढच्या दोन-चार ओळीही अशाच साध्या. कुणाला 'चर्चला चल' म्हणाले नाहीत की कुणाशी वाद घातला नाही. मी चिडवायची, "नाना, ऐकतंय कोण?" ते हसून पुढचं पोतं उचलत. माझी जीभ तशी मिरचीच्या गावचीच, पण श्रद्धेचा विषय निघाला की टाळूला चिकटायची. धुळ्याच्या ऑफिसात नाताळचा केक वाटायचा, एवढीच माझी साक्ष.

त्या संध्याकाळी अख्खा बाजार खांदा द्यायला आला होता. कुणाच्या कपाळाला गंध, कुणाच्या डोक्यावर जाळीची टोपी. शवपेटी खड्ड्याच्या काठावर ठेवलेली आणि सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. तेव्हा नानांच्या जोडीने पोती उचलणारे एक म्हातारे हमाल पुढे आले.

"माय, नानाले बिगर गानानं धाडानं का? आमले येस त्यानं गानं."

त्यांनी सुरुवात केली आणि बाकीचे मागोमाग गाऊ लागले. पेटी दोरांवरून हळूहळू खाली जात होती. "ये आठे" म्हणून झालं आणि सगळे एकदम खोकले. मी दचकले. पुढच्या खेपेला पुन्हा बरोबर तिथेच खोकले. मग माझ्या ध्यानात आलं. मिरचीच्या खकाण्याने नानांना त्याच जागी ठसका लागायचा, आणि या माणसांनी तोही गाण्यातलाच समजून पाठ केला होता! मला हसू फुटलं, त्यातच रडू फुटलं आणि अंगावर सरसरून काटा आला. इतकं मन लावून मी कधी कुठला उपदेश ऐकला नव्हता. देव जवळ आहे, हे लहानपणापासून ऐकत आले होते. तो खरंच इतका जवळ उभा असेल, असं कधी वाटलं नव्हतं.

मूठमाती झाली. माणसं हात झटकत पांगली. ते म्हातारे मात्र रेंगाळले.

"माय, एक इचारू? गानामा ओझं लेनारा कोन शे, हाई नानाले इचारानं राही गयं. माले वाटे, नानाच. मी थकनू का मनं पोतं तोच उचले." त्यांनी ताज्या मातीकडे पाहिलं. "पन नाना तं गया. मंग आते ओझं कोन उचली?"

मी त्यांच्याशेजारी मातीत बसले.

"तो नाना नव्हे, आबा," मी म्हणाले, आणि घराबाहेरच्या माणसासमोर जन्मात पहिल्यांदा येशूचं नाव मोठ्याने घेतलं.