दगडीबाई हजर नाहीत

स्वित्झर्लंडला न जाण्यासाठी लागणारी सगळी कागदपत्रं माझ्याकडे आजही एका पिशवीत व्यवस्थित ठेवलेली आहेत.

परवा नातीनं ती पिशवी उपसली. तिला कसल्याशा फॉर्मसाठी माझा जुना पासपोर्ट हवा होता. पहिलं पान उघडलं आणि ओरडली, "आजी, ही दगडीबाई कोण?"

"होती एक ओळखीची," मी म्हटलं. "मीच तिला ओळख दिली नाही."

मग सगळं सांगावंच लागलं. तुम्हीही ऐका. नाहीतरी तिच्या तोंडून ते एव्हाना अर्ध्या पेणला कळलेलंच आहे.

तर दगडीबाई म्हणजे मी. माहेर रोह्याजवळचं खांब. माझ्या आधीची तीन भावंडं पाळण्यातच गेली, म्हणून आजीनं ठरवलं, हिला असं नाव ठेवायचं की यमालाही उचलून न्यायची इच्छा होऊ नये. यमाला झाली नाही. (रोह्याच्या शाळेतल्या पोरांना चिडवायची इच्छा मात्र रोज व्हायची!) लग्न ठरल्यावर मी पेणजवळच्या गडबला, होणाऱ्या नवऱ्याकडे, निरोपच धाडला, 'ताटातल्या तांदळात मधुरिमा असंच लिहायचं. दुसरं काही लिहिलंत तर पाटावरून उठून जाईन.' आमचे हे डोलवीच्या कंपनीत फिटर. हात लोखंडावर बसलेला. अंगठीनं तांदळात 'मधुरिमा' लिहिताना बिचाऱ्यांना घाम फुटला, आणि 'मा'पर्यंत येता येता ताट संपलं. सासूबाईंनी ते नाव एकदा तोंडात घोळवून पाहिलं, "मदु... मदुरमा... जाऊ दे, मी आपली गो सुने म्हनंन."

पुढे हे मस्कतला नोकरीला लागले आणि मला न्यायचं ठरलं. पेणच्या पासपोर्ट एजंटानं माझा शाळेचा दाखला पाहिला आणि म्हणाला, "वहिनी, कागदावर जे हाय तेच लिहिनार. तांदळावरचं चालत नाय." घाईगडबडीत आडनावाचा रकानासुद्धा त्यानं रिकामाच ठेवला. पासपोर्टावर मी नुसतीच दगडीबाई. मागं ना पुढं काही.

मस्कतला पोचल्यावर तो पासपोर्ट मी साड्यांच्या तळाशी पुरला आणि मधुरिमा होऊन वावरू लागले. तिथल्या मराठी बायकांत रेवतीताईंचा शब्द चाले. मूळच्या पुण्याच्या, नवरा बँकेत मोठा साहेब, साडी कायम इस्त्रीची. पहिल्याच हळदीकुंकवाला त्यांनी विचारलं, "माहेर कुठलं गं तुझं?"

"रोह्याचं," मी म्हटलं. "बाबा इस्टेट सांभाळतात." (इस्टेट म्हणजे दीड एकर भाताचं खाचर आणि एक म्हैस. म्हैस भाकड होती.)

अशी नऊ वर्षं गेली. हे तिथल्या उन्हात पाइप जोडून जोडून कोळशासारखे झाले. एका दुपारी घरी आले, पाण्याचा तांब्या डोक्यावर ओतून घेतला आणि म्हणाले, "गो, एकदा खऱ्या बर्फात हात घालायचाय. फ्रीजातल्या नाय." उभ्या संसारात या माणसानं माझ्याकडे स्वतःसाठी मागितलेली ही एकच गोष्ट. झालं! मुलं सुट्टीला गडबला सासूबाईंकडे गेलेली होती. कंपनीनं यांना पंधरा दिवसांची रजा मंजूर केली. पुढच्या महिन्यातल्या एका शनिवारचं स्वित्झर्लंडचं विमान ठरलं. राहायचं मस्कतला, म्हणून व्हिसाचा अर्जही मस्कतलाच. कंपनीचं पत्र, तिथल्या वास्तव्याचं कार्ड, हॉटेलचं बुकिंग, असं सगळं जोडून दिलं. यांच्या पासपोर्टवर शिक्का बसलासुद्धा.

अडले मी! लग्नाच्या दाखल्यावर मधुरिमा, पासपोर्टावर दगडीबाई. व्हिसा कचेरीतून सांगणं आलं, या दोघी एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र आणा.

"तुम्ही एकटे जाऊन या," मी यांना म्हटलं.

"एकटा जाऊन बर्फाकडं बघत काय बसू? बोलू कोणाशी?"

मी खांबला हायवेवरच्या दुकानात फोन लावला. दुकानदारानं हाक मारून माझ्या वडिलांना, आबांना, बोलावून आणलं.

"आबा, रोह्याला जाऊन शपथेवर लिहून द्या, की दगडी आणि मधुरिमा एकच आहे."

"त्यात शपथ कसली घ्यायची गो? माझ्या डोल्यांदेखत तू वाढलीस!"

"साहेबांना कागद लागतो, आबा."

"मंग देतो की. कागद काय, हव्या तितक्या शपथा देतो!"

पहिल्या फेरीला साहेब नव्हते, दुसरीला स्टॅम्पपेपर नव्हता, तिसरीला सगळं होतं. आबांनी वकिलाला सांगून मजकूर लिहवून घेतला, त्याचं इंग्रजी करवून घेतलं, आणि खाली अंगठा उठवला. गडबचा एकजण मस्कतला येत होता, त्याच्याबरोबर तो कागद आणि पेणच्या पोह्याच्या पापडांचा डबा आला. मी पापड त्याच दिवशी तळले. कागद न वाचताच फायलीत घातला.

मुलाखत विमानाच्या आधीच्या बुधवारी सकाळी. तिथं तेव्हा गुरुवार-शुक्रवार सुट्टी असे, म्हणजे तीच शेवटची संधी. यांनी मला कंपनीच्या पिकअपमधून कचेरीच्या दारात सोडलं, "हाक मारली की चटकन उठ हां!" म्हणाले आणि कामावर गेले. मी आत जाऊन बसते न बसते तोच मागून आवाज आला, "अय्या, मधुरिमा! तूसुद्धा?"

रेवतीताई! हातात चामड्याची फाइल, अंगाला अत्तराचा घमघमाट. त्या माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसल्या.

"तुझ्या माहेरच्यांचं तर युरोपात येणंजाणं असेल ना गं?"

"आबा... म्हणजे बाबा टाळतात. थंडी बाधते त्यांना."

आणि तेवढ्यात खिडकीतल्या मल्याळी कारकुनानं माइक तोंडाशी धरला.

"दगडीबाई!"

मी अर्धी उठले होते, देवाशप्पथ! पण रेवतीताईंनी माझा दंड दाबला आणि खुदकन हसल्या. "ऐकलंस का? दगडीबाई! कुठल्या खेड्यातून उचलून आणली असेल गं?"

मी खाली बसले. नुसती बसले असते तरी चाललं असतं. पण मी म्हणाले, "हो ना! आणि नवरा काय म्हणून हाक मारत असेल!"

आम्ही दोघी पोट धरधरून हसलो. मी जरा जास्तच.

"दगडीबाई! सेकंड कॉल!"

"अगं, कुठं गेली ही बाई?" आता रेवतीताईंचा परोपकारी स्वभाव जागा झाला. "बिचारीचा नंबर जाईल. खेड्यातल्या बाईला माइकवरचं कळलं नसेल. चल, आपण शोधू."

आणि त्या खरंच उठल्या हो! एका बंगाली बाईला विचारलं, "आप दगडीबाई हैं?" तिनं असं काही बघितलं, की शिवीच दिली असावी. एका म्हाताऱ्या पारशिणीला विचारलं. मला म्हणाल्या, "तू बाथरूममध्ये बघून ये."

मी गेले. स्वतःला शोधायला मी बाथरूममध्ये गेले! आत आरसा होता. त्याच्यात दगडीबाई उभी होती, चांगली घामाघूम. मी तिला सोडून बाहेर आले.

"नाहीये आत," मी सांगितलं.

कारकून आता खिडकीतून अर्धा बाहेर आला होता. "दगडीबाई! लास्ट कॉल!" आणि थेट माझ्याचकडे बघून विचारलं, "मॅडम, आपने देखा उसको?"

"चली गयी शायद," मी म्हणाले.

त्यानं माझा पासपोर्ट बाजूच्या ट्रेमध्ये टाकला आणि रेवतीताईंना पुकारलं. त्या पलीकडच्या दारानं आत गेल्या. दार लागलं मात्र, मी खिडकीवर झेप घेतली!

"भाईसाब, मैं दगडीबाई!"

कारकुनानं चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"मॅडम, अभी आपने बोला वो चली गयी."

"वापस आ गयी."

"आप तो खुद उसको ढूंढ रही थीं!"

 त्यानं आतल्या साहेबीणबाईंना बोलावलं. पिकलेल्या केसांची, शांत चेहऱ्याची गोरी बाई. मी काचेखालून फाइल सरकवली. तिनं आबांचा कागद काढला, वाचला, आणि मला समजावा म्हणून कारकुनाला हिंदीत सांगायला लावलं. कारकून सांगू लागला. त्याचा माइक चालूच होता!

"मैं, गांव खांब का किसान, शपथ लेके बोलता हूं," अख्ख्या हॉलमध्ये आबांची शपथ घुमू लागली. "मेरा तीन बच्चा मर गया. चौथी लड़की हुई, तो मेरी मां ने उसका नाम पत्थर रखा, कि उसको मौत ना ले जाए. वो बच गयी. शादी में उसको बड़ा नाम मिला. मुझको वो नाम बोलने नहीं आता. लेकिन लड़की वही है. ये मेरा अंगूठा है."

बंगाली बाईसुद्धा माझ्याकडे बघत होती. मी न वाचलेला कागद होता तो. आबांनी त्यासाठी तीनदा रोह्याची वाट तुडवली होती. आणि मी? काय म्हणाले होते? 'नवरा काय म्हणून हाक मारत असेल!'

मागून आवाज आला, "मधुरिमा..." रेवतीताई दारात उभ्या होत्या. किती वेळ, कोण जाणे. त्या हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. अगदी मनापासून गोंधळून म्हणाल्या, "अगं, मग मगाशी आपण दोघी शोधत कोणाला होतो?"

साहेबीणबाईंनी कागद घडी घालून परत दिला आणि कारकुनाकरवी सांगितलं, "कागद बरोबर आहे. बाई बरोबर आहे का, ते मला कळत नाही." चूक त्यांची नव्हती. मलाही कळत नव्हतं. पुढल्या आठवड्यात नवऱ्याला घेऊन या, म्हणाल्या. पुढल्या आठवड्यात! शनिवारच्या विमानानंतर!

एवढ्यावर तरी मी शहाणं व्हावं की नाही? दुपारी हे घ्यायला आले. विचारलं, "झालं?" आणि मी म्हणाले, "अहो, त्यांनी माझं नावच पुकारलं नाही!"

हे भडकले. जन्मात कोणावर आवाज न चढवणारा माणूस, पण पाना हातात घेऊनच आत शिरला. "मेरी बीवी सुबह से बैठी है, नाम क्यों नहीं पुकारा?" मला बाहेर ऐकू येत होतं. मग काही ऐकू येईना. पाच मिनिटांनी हे बाहेर आले. पाना खिशात.

"तीनदा पुकारलं म्हणतो."

"व्हय." (घाबरले की माझी खांबची भाषा परत येते.)

"तू होतीस?"

"होते."

"मंग?"

"शेजारी रेवतीताई बसल्या होत्या."

यांनी पिकअप सुरू केली. पहिल्या वळणावर म्हणाले, "बाप शपथ घेऊन सांगतो, ही माझी पोर. आणि पोर सांगते, ती गेली." बस. त्यानंतर या विषयावर एक शब्द नाही. बोलले असते तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं!

मंजूर झालेली रजा आम्ही गडबला काढली. ऐन मे महिन्यात! एका सकाळी पेणच्या बाजारात हे मासळीच्या पाटीसमोर थांबले आणि पेटीतल्या बर्फात मनगटापर्यंत हात खुपसून उभे राहिले.

"दादा, बोंबील हवेत का बर्फ?" मासळीवाली ओरडली.

"बर्फ," हे म्हणाले.

मी पिशवी तोंडापुढे धरली.

नंतर खांबला गेलो. आबा ओटीवर वाटच बघत बसले होते. टोपी नवी, खास जावयासाठी घातलेली. पाणी द्यायच्या आधी विचारलं, "माजा कागद चालला का गो?"

"चालला, आबा," मी म्हटलं. "माइकवरून वाचला सगळ्यांना."

"माइकवरून!" आबांनी यांच्याकडे बघितलं. हे मान खाली घालून चपलेचा अंगठा नीट करत राहिले. खोटं बोलले नाहीत आणि मला खोटं पाडलंही नाही. संध्याकाळपर्यंत आबांनी गावभर सांगितलं, की परदेशातल्या साहेबांनी आपला कागद माइकवरून वाचला. त्या आनंदात सांगता सांगता त्यांनी आम्हाला स्वित्झर्लंडला पोचवलंसुद्धा! बायका मला विचारायला आल्या, "कसं होतं गो तिकडं?" मी म्हटलं, "थंड." आबा गेले ते मला स्वित्झर्लंड पाहून आलेली समजूनच. त्यांना खरं सांगायचं धाडस मला झालं नाही. हसता हसता हे एवढं मात्र हसण्यावारी नेता येत नाही.

नात म्हणाली, "आजी, मग पुढं काय शिकलीस?"

शिकले की! आता मी कुठंही हाकेला चुकत नाही. दवाखाना असो, तहसील असो, कुणाचंही नाव पुकारू दे, मी उठून खिडकीशी पहिली. गेल्या आठवड्यात पेणच्या बँकेत कारकुनानं हाक दिली, "हिराजी बाळाराम!" मी पोचले.

"आजी," तो म्हणाला, "तुम्ही हिराजी बाळाराम?"

"नाय रे बाबा," मी म्हटलं. "पण तो इथंच कुठंतरी बसला असेल. लाजत असेल बिचारा. जरा थांब."