एकट्याला उचलता येईल अशी गाडी

मध्य भारत राज्य झालं आणि आमचं घर दोन गावांत वाटलं गेलं. राजधानी हिवाळ्यात ग्वाल्हेरला, उन्हाळ्यात इंदूरला. वडील सचिवालयात होते, त्यामुळे दफ्तर हललं की तेही हलायचे. पहिल्या वर्षी आईनं दोन्ही वेळा सामान बांधलं. दुसऱ्या वर्षी म्हणाली, "आता माझ्याच्यानं होत नाही," आणि बहिणींना घेऊन ग्वाल्हेरलाच राहिली. मी नुकताच शेतकी खात्यात लागलो होतो. वडील उन्हाळ्यापुरते यायचे; एरवी जुनी इंदूर मोहल्ल्यातल्या दोन खोल्यांत मी एकटा उरलो.

माझ्याकडे देपालपूरकडची गावं होती. बस पक्क्या सडकेवर सोडून द्यायची, पुढे पायी. परतीची बस चुकली की गावातल्या शाळेच्या ओसरीवर मुक्काम. शेवटी साहेब म्हणाले, "अहो, एक मोटारसायकल घेऊन टाका. असे किती दिवस पायपीट करणार?"

मला सायकलपलीकडे काही चालवता येत नव्हतं. गाडी पसंत करायला लोक चार जणांना घेऊन जातात, मुलगी बघायला जावं तसे. माझ्याबरोबर कोण येणार? कचेरीतल्या एकानं पत्ता तेवढा दिला: छावणीत एका डॉक्टरांचा बंगला आहे, डॉक्टर गेले, बाईंना त्यांची गाडी विकायची आहे.

रविवारी सकाळी गेलो. बाई पन्नाशीच्या असतील. मराठीच होत्या, पण बोलण्यात इंदूरची हिंदी मिसळलेली. मी काकू म्हणालो, देपालपूरकडच्या दौऱ्यांसाठी गाडी हवी असल्याचं सांगितलं. त्यांनी गॅरेजचं दार उघडलं आणि गाडीवरची चादर काढली. विलायती बनावटीची काळी, भारी मोटारसायकल होती. मागे स्प्रिंगांची रुंद सीट.

"चौदा साल मी हिच्यावर मागे बसले," त्या म्हणाल्या. "मांडवगडला गेलो, उज्जैनला गेलो, देपालपूरकडे तर कितीदा. रविवारी घरी बसायचं नाही, असा कायदाच होता यांचा. चालवता येते ना तुम्हाला?"

"थोडीफार," मी म्हणालो. खोटंच होतं ते.

किक मारताना माझा पाय दोनदा झिणझिणला. तिसऱ्यांदा गाडी सुरू झाली आणि त्या आवाजाबरोबर काकूंनी दाराची चौकट धरली. मी क्लच सोडला. सरळ रस्त्यावर बरं चाललं होतं. फाटकापाशी वळवायला गेलो आणि गाडी झुकली ती झुकलीच. मी एकीकडे, ती एकीकडे. इंजिन बंद पडलं. पेट्रोलचा वास सुटला.

उठून मी हँडल धरून ओढलं. गाडी वीतभर उठायची आणि पुन्हा बसायची. सारं अंगण रिकामं होतं, हाक मारावी असं कुणी नव्हतं. तेवढ्यात काकूंनी पदर खोचला, मागची बाजू धरली आणि म्हणाल्या, "हं, आता एकदम." दोघांनी मिळून ती उभी केली.

"लागलं का रे?" त्या एकदम अरे-तुरेवर आल्या.

"नाही काकू. गाडीला ओरखडा आला मात्र."

"येऊ दे. घरी कोण कोण आहे तुझ्या?"

"इथे कोणी नाही. सगळे ग्वाल्हेरला."

त्या हात झटकत माझ्याकडे बघत राहिल्या. "मग ही गाडी तुला द्यायची नाही मी. जी एकट्याला उचलता येते ती घे. देपालपूरच्या रस्त्यावर पडलास तर मागून कोण येणार आहे?"

त्या रागावून बोलल्या नव्हत्या. तरी मला ते लागलं. चहा घेतला आणि पायीच घरी आलो.

पुढच्या आठवड्यात बड्या गणपतीच्या देवळाजवळच्या एका दुकानातून मी एक हलकी, छोटी गाडी घेतली. घेण्याआधी दुकानदाराला म्हणालो, "ही जमिनीवर आडवी करू का?" तो चमकला. "आडी क्यों करोगे, भिया? नई गाडी है!" मग मीच अंगातला कोट खाली पसरला, गाडी हळूच आडवी केली आणि उचलून दाखवली. त्याच्या दुकानातली माणसं हसली. मला बरं वाटलं. मागे सीट बसवू का म्हणून त्यानं विचारलं. मी बियाण्याच्या पिशव्यांसाठी कॅरियर ठेवायला सांगितलं.

महिनाभर रोज सकाळी मैदानात शिकलो. पहिल्यांदा देपालपूरकडे निघालो तेव्हा काळ्या मातीच्या गाडवाटेवर, एका नाल्याच्या चढावर घसरून पडलोच. दोन्हीकडे गहू, माणूस कुठे नाही. गाडी उचलली, उभी केली, चाक फिरवून पाहिलं. "जमलं की," मी मोठ्यानं म्हणालो. सकाळपासून मी कुणाशी बोललोच नव्हतो; तो आवाज मला दुसऱ्याच कुणाचा वाटला.

दुपारी परतताना हे कुणाला तरी सांगावंसं फार वाटलं. गाडी आपोआप छावणीकडे वळली.

काकू अंगणातच होत्या. गॅरेज उघडं होतं आणि आत काही नव्हतं.

"महूच्या एका फौजी माणसानं नेली," त्या म्हणाल्या. "पहिल्या किकमध्ये सुरू केली त्यानं. कोपऱ्यावरून वळली तरी आवाज येत होता बराच वेळ." मग माझ्या गाडीभोवती एक फेरी मारून म्हणाल्या, "पडलास?"

"पडलो. उचलली."

"शाबास. गहू कसा आहे तिकडे?"

"ओंबीवर आलाय."

"नाल्याच्या पलीकडचा? तिथे आधी येतो." आणि त्या पायरीवर बसून ऐकू लागल्या.

त्यानंतर दौऱ्यावरून येताना मी तिथे थांबत असे. वाटेत काय दिसलं ते मी सांगायचं, त्यांनी विचारत राहायचं. कोणत्या झाडाखाली थांबलास, तिथली विहीर अजून आहे का. वर्षभर असं चाललं. मग त्यांची मुलगी त्यांना जबलपूरला घेऊन गेली. जाण्याआधी त्या म्हणाल्या, "तिकडे फ्लॅटसारखं घर आहे म्हणे, वरच्या मजल्यावर. रस्ता दिसतो, एवढं विचारून घेतलंय मी."

त्या गेल्यावर देपालपूरहून येताना छावणीकडे वळायचं कारण उरलं नाही. मी सरळ घरी येऊ लागलो, उजेड असतानाच. गाडी ओट्याशी लावायची, स्टोव्ह पेटवायचा आणि खिचडी टाकायची.